पाय केव्हा उचलायचा? पियानोच्या पेडलमागचे ध्वनिशास्त्र

येडशीच्या रामलिंगाला श्रावणात गेलेली मुले देवळातली घंटा वाजवल्याशिवाय परतत नाहीत. तुमच्या गावच्या देवळातही हेच होत असणार. एक टोल दिला की घंटा कितीतरी वेळ घुमत राहते. मग एखादा खोडकर मुलगा तिला तळहात लावतो आणि घंटा गप्प होते. तळहाताने कंपनांची ऊर्जा शोषून घेतली, तिची थोडीशी उष्णता झाली, कंपने थांबली आणि आवाजही थांबला.

आता एक बारकाई पाहा. सायकलच्या घंटीला नुसते बोट लागले तरी ती तत्काळ बंद पडते. देवळातल्या मोठ्या घंटेला मात्र दोन बोटे टेकवली तर तिचा किणकिणाट जातो, पण खालची जाड गुणगुण चालूच राहते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती आपल्याला उपयोगी पडणार आहे.

आज आपण ज्या वाद्याचा विचार करणार आहोत, त्यात अशी सुमारे सत्तर 'तळहातांची' रांग असते आणि ती सगळी रांग वादक एका पायाने सांभाळतो. ते वाद्य म्हणजे पियानो. आपल्या भागात पियानो सहसा पाहायला मिळत नाही. पण चित्रपटगीतांतून आणि आकाशवाणीवरून तो आपण सर्वांनी ऐकला आहे. शिवाय अलीकडे घरोघरी विजेवर चालणारे कीबोर्ड आले आहेत आणि त्यांपैकी पुष्कळांना पायाचे पेडलही जोडता येते. ते पेडल नेमके काय करते, आणि त्यावरचा पाय केव्हा उचलायचा, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना ध्वनिशास्त्राचा निम्मा धडा आपोआप उजळून निघतो.

पेटीचा भाता आणि पियानोचे पेडल

प्रथम एक गैरसमज दूर करू या. मराठी संगीत रंगभूमीवर पायपेटी आणि ऑर्गन ही वाद्ये गाजली. ती वाजवणारा खालच्या पट्ट्या पायांनी सतत दाबत असतो. त्या पट्ट्या भात्याला जोडलेल्या असतात. भात्यातली हवा पितळी पत्त्यांवरून जाते आणि स्वर उमटतो. तिथे पाय थांबला की थोड्याच वेळात आवाजही थांबतो, कारण स्वराला लागणारी ऊर्जा पायातूनच येते.

पियानोच्या पेडलचे काम याहून अगदी निराळे आहे. ते वाद्याला ऊर्जा देत नाही. नुसते पेडल दाबून बसलात तर एकही स्वर वाजणार नाही. ते फक्त अडसर दूर करते. घंटेवरचा हात काढून घ्यावा, तसे.

पियानोच्या पोटात

इटलीतील फ्लॉरेन्स शहरात बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने इ. स. १७०० च्या सुमारास पहिला पियानो तयार केला. त्याचा १७२० सालचा एक पियानो न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आजही आहे.

आजच्या मोठ्या पियानोत ८८ पट्ट्या आणि सुमारे २३० पोलादी तारा असतात. खर्जाच्या स्वरांना एकेक जाड तार असते. तिच्यावर तांब्याची तार गुंडाळून तिचे वजन वाढवलेले असते. मधल्या व वरच्या स्वरांना दोन किंवा तीन बारीक तारा असतात. सगळ्यांत खालच्या स्वराची वारंवारता २७.५ हर्ट्झ, तर सगळ्यांत वरच्या स्वराची सुमारे ४१८६ हर्ट्झ.

पट्टी दाबली की दोन गोष्टी घडतात. नमद्याने मढवलेली एक लहानशी लाकडी हातोडी उसळून तारेवर आदळते आणि लगेच मागे फिरते. त्याच वेळी त्या तारेवर टेकलेली नमद्याची मऊ गादी वर उचलली जाते. या गादीला डॅम्पर म्हणतात. हाच आपला तळहात. बोट पट्टीवर आहे तोवर गादी वर राहते आणि तार घुमते. बोट उचलले की गादी खाली येते आणि तार गप्प होते. अगदी वरच्या दीडेक सप्तकाच्या तारा इतक्या आखूड असतात, की त्यांचा आवाज आपोआपच लवकर विरतो. म्हणून त्यांना डॅम्पर नसतातच.

उजवीकडचे पेडल दाबले, की सगळ्या पट्ट्यांचे डॅम्पर एकदम वर जातात. मग बोटे उचलली तरी वाजलेले स्वर घुमतच राहतात. डावीकडचे पेडल हातोड्यांची सगळी रांग किंचित सरकवते, त्यामुळे हातोडी तीनऐवजी दोनच तारांवर आदळते आणि आवाज मृदू होतो. मधल्या पेडलने फक्त त्या क्षणी दाबलेल्या पट्ट्यांचे डॅम्पर वर अडकून राहतात. आपल्याला आज उजव्या पेडलशी काम आहे.

हातोडी तारेला किती वेळ चिकटून असते, हा प्रश्न दिसायला किरकोळ आहे. पण कलकत्त्यात काम करणाऱ्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भवनाथ बॅनर्जी यांच्यासह याच आघातावर शोधनिबंध लिहिला आणि तो १९२० साली लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. नोबेल पारितोषिक मिळण्याआधी दहा वर्षांची ही गोष्ट. पुढच्याच वर्षी त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीचा अभ्यास मांडला. आपणही पियानोकडून तंबोऱ्याकडेच जाणार आहोत.

न छेडलेली तार वाजते

पेडलमुळे स्वर लांबतो, एवढेच उत्तर बहुतेक जण देतात. पण ते अर्धेच आहे. पेडल दाबून एकच स्वर वाजवला, तर तो नुसता लांबत नाही, तो भरीव होतो. जणू पियानोच्या पोटात दुसरे कोणी हळूच साथ करत आहे. ही साथ कोण करते?

मिरजेला सतारी आणि तंबोरे तयार होतात. सोलापूर जिल्ह्यातील भीमाकाठच्या भोपळ्यांना त्यासाठी मोठी मागणी असते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथल्या सतारीत पडद्यांच्या खाली अकरा ते तेरा बारीक तारा ओवलेल्या असतात. त्या तरफेच्या तारा. त्या सहसा छेडत नाहीत. रागातल्या स्वरांना मिळवून ठेवतात. वरच्या तारेवर एखादा स्वर वाजला, की त्याच स्वराची तरफेची तार आपोआप झंकारते. यालाच अनुनाद म्हणतात. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत थोडे थोडे ढकलले की तो मोठे झोके घेऊ लागतो. लय चुकली की नुसताच गचके खातो. तारेचेही तसेच आहे. तिच्या स्वतःच्या वारंवारतेचे धक्के घोडीतून मिळत गेले की ती हलू लागते.

पेडल दाबलेला पियानो म्हणजे दोनशेहून अधिक तरफेच्या तारांचे वाद्य! कोणतीही एक तार वाजवा, उरलेल्या सगळ्या मोकळ्या तारा लाकडी नादफलकावरून येणारे धक्के 'ऐकत' असतात. त्यांतली कोणती प्रतिसाद देईल?

समजा, आपण मंद्र सप्तकातली पांढरी एक वाजवली. तिची वारंवारता १३०.८ हर्ट्झ. पण ताणलेली तार एकाच वारंवारतेने कंप पावत नाही. ती अखंड कंपते, तशीच दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत, पाच भागांतही कंपते. म्हणून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वारंवारतेचे उपस्वरही निघतात. आता हे उपस्वर पियानोच्या कोणत्या तारांशी जुळतात ते पाहू:

दुप्पट : २६१.६ हर्ट्झ. मध्य सप्तकातली पांढरी एक २६१.६ हर्ट्झ. तंतोतंत जुळते.
तिप्पट : ३९२.४ हर्ट्झ. मध्य सप्तकातली पांढरी पाच ३९२.० हर्ट्झ. जवळजवळ जुळते.
चौपट : ५२३.३ हर्ट्झ. तार सप्तकातली पांढरी एक ५२३.३ हर्ट्झ. तंतोतंत जुळते.
पाचपट : ६५४.१ हर्ट्झ. तार सप्तकातली पांढरी तीन ६५९.३ हर्ट्झ. पाच हर्ट्झचा फरक.

म्हणजे षड्ज आणि पंचमाच्या तारा जोमाने साथ देतील, गांधाराची मात्र फारच क्षीण. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गांधार स्पष्ट ऐकू येतो, असे गवई सांगतात. तो हाच पाचवा उपस्वर. तंबोऱ्यात तो शुद्ध ५ : ४ या प्रमाणात असतो. पियानोत सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असल्यामुळे गांधार थोडा चढा राहतो, म्हणून तिथे अनुनाद नीट साधत नाही.

करून पाहा

(१) शाळेच्या प्रयोगशाळेत दोन तारांचा स्वरमापी असेल तर दोन्ही तारा एका स्वरात मिळवा. एका तारेवर कागदाचा लहानसा उलटा 'व्ही' ठेवा आणि दुसरी तार छेडा. कागद उडून पडेल. मग दुसऱ्या तारेचा ताण थोडा बदला आणि पुन्हा छेडा. आता कागद जागचा हलणार नाही. स्वरमापी नसेल तर तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारांवर हाच प्रयोग करता येतो.

(२) जुळवलेल्या सतारीजवळ तोंड नेऊन मोठ्याने 'सा' लावा आणि एकदम थांबा. तरफेच्या तारा तुमचा स्वर परत करतील.

(३) कधी खरा पियानो मिळाला तर त्याचे झाकण उघडा, उजवे पेडल दाबून धरा आणि तारांवर 'आ' म्हणा. मग 'ई' म्हणा. पियानो 'आ'ला 'आ' आणि 'ई'ला 'ई' असेच उत्तर देईल! जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ सालच्या आपल्या ग्रंथात हा प्रयोग वर्णिला आहे. स्वर एकच असला तरी 'आ' आणि 'ई' यांतले उपस्वर कमी-अधिक जोराचे असतात. प्रत्येक उपस्वराने आपापली तार शोधून हलवली, म्हणून सगळ्या तारांनी मिळून तो उच्चार परत केला.

स्वस्तातल्या विजेच्या कीबोर्डावर मात्र हा प्रयोग जमणार नाही. तिथे तारा नाहीत. पेडल दाबले की स्वर लांबतो, एवढेच. काही महागड्या कीबोर्डांत ही साथ गणिताने तयार करून मिसळलेली असते.

पेडल गृहीत धरून लिहिलेले संगीत

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय संगीताला रोमँटिक संगीत म्हणतात. भावनेचे रंग, लांब पसरणारी सुरावट आणि धूसर, दाट नाद हे त्याचे विशेष. या काळातल्या रचनाकारांनी पेडल ही केवळ एक सोय मानली नाही. ते आहे असे धरूनच त्यांनी रचना केल्या.

पोलंडमध्ये जन्मलेला आणि पॅरिसमध्ये राहिलेला फ्रेडरिक शोपाँ (१८१० ते १८४९) घ्या. त्याच्या 'नॉक्टर्न' म्हणजे निशागीत प्रकारच्या रचनांत उजवा हात गाण्यासारखी सुरावट वाजवतो. डावा हात खर्जात एक स्वर देतो आणि लगेच वर धावून त्याच्या साथीचे स्वर एकामागून एक वाजवतो. हे अंतर इतके मोठे असते, की खर्जाच्या पट्टीवर बोट ठेवून वरचे स्वर गाठणे कोणत्याही हाताला शक्य नसते. बोट उचलले की खर्ज बंद पडणार. मग तो टिकवायचा कोणी? पायाने. म्हणून शोपाँने आपल्या रचनांत पेडल कुठे दाबायचे आणि कुठे सोडायचे, याची चिन्हे काळजीपूर्वक लिहिली.

रॉबर्ट शुमानने तर याहून गमतीचा प्रयोग केला. त्याच्या 'कार्नावाल' या १८३४-३५ मधल्या रचनेत 'पागानिनी' नावाचा भाग आहे. त्याच्या शेवटी वादक काही स्वरगुच्छ दणदणीत वाजवतो. त्यानंतर एक वेगळा स्वरगुच्छ इतक्या हळू दाबतो, की हातोड्या तारांवर आदळतच नाहीत, फक्त त्यांचे डॅम्पर वर राहतात. मग तो पेडल सोडतो. दणका विझतो आणि त्याच्या आतून हा न वाजवलेला स्वरगुच्छ अलगद वर येतो. निव्वळ अनुनादाने!

तंबोरा थांबत नाही, पेडल मात्र सोडावे लागते

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. नाद इतका सुंदर होत असेल, तर पेडल सतत दाबून का ठेवू नये? आपला तंबोरा नाही का मैफलभर अखंड वाजत?

तंबोरा अखंड वाजू शकतो, कारण मैफलभर षड्ज बदलत नाही. तंबोऱ्याचे स्वर रागाशी मेळ खाणारेच निवडलेले असतात. पंचम वर्ज्य असला तर आपण पहिली तार मध्यमाला किंवा निषादाला मिळवतो. पाश्चात्त्य पियानोसंगीताची गोष्ट वेगळी. तिथे सुरावटीच्या पाठीमागचा स्वरगुच्छ दर एक-दोन मात्रांनी बदलतो. आत्ता जी पार्श्वभूमी गोड होती, तीच पुढच्या क्षणी परकी ठरते. पेडल दाबलेलेच राहिले तर जुन्या आणि नव्या पार्श्वभूमीची कालवाकालव होते.

ही कालवाकालव खर्जात जास्त का होते, याचेही उत्तर भौतिकशास्त्रात आहे. जवळजवळच्या दोन वारंवारता एकत्र आल्या, की त्यांच्या फरकाइतके ठोके दर सेकंदाला ऐकू येतात. त्यांना विस्पंद म्हणतात. मंद्राच्याही खालच्या सप्तकातली पांढरी एक ६५.४ हर्ट्झ आणि पांढरी दोन ७३.४ हर्ट्झ. फरक ८, म्हणजे सेकंदाला आठ ठोके. आवाज थरथरतो, खरखरतो. शिवाय त्यांचे उपस्वरही एकमेकांशी असेच भांडतात. हेच दोन स्वर चार सप्तके वर १०४६.५ आणि ११७४.७ हर्ट्झ होतात. तिथे फरक १२८ हर्ट्झचा. इतके जलद ठोके कानाला सुटे ऐकू येत नाहीत, आणि त्या बारीक तारांचा आवाजही लवकर विरतो. खर्जाची जाड तार मात्र अर्धा मिनिट घुमू शकते. म्हणून वरच्या सप्तकांत पेडल थोडे लांबले तर चालते. खर्ज बदलला, की ते बदललेच पाहिजे.

पण बदलायचे नेमके कोणत्या क्षणी? नवशिका वादक नवा स्वर वाजवताना पेडल दाबतो. पण हात आणि पाय बरोबर खाली गेले तर जुना स्वर थांबायच्या आतच डॅम्पर पुन्हा वर जातात आणि तो नव्यात मिसळतो. पाय आधीच उचलला, तर मध्ये पोकळी राहते आणि गाणे तुटते. म्हणून कसलेला वादक उलटे करतो. हात खाली जातो, त्याच क्षणी पाय वर येतो. डॅम्पर जुने स्वर पुसून टाकतात. नवे स्वर बोटांनी धरून ठेवलेले असतात. आणि मग क्षणभराने पाय पुन्हा खाली जातो. हात खाली तेव्हा पाय वर, आणि कानाला सगळे स्वच्छ वाटले की पाय पुन्हा खाली. टेबलाशी बसून हात आणि टाच यांनी हे करून पाहा. पहिल्या दहा वेळा चुकेल, मग जमेल.

याहून नाजूक प्रकार म्हणजे अर्धे पेडल. पाय थोडासाच उचलला, की डॅम्पर तारांना ओझरते टेकतात. बारीक तारांची ऊर्जा थोडी, त्या लगेच थांबतात. खर्जाच्या जाड तारांची ऊर्जा मोठी, त्या घुमतच राहतात. आठवली ना देवळातली मोठी घंटा आणि दोन बोटे? एकाच हालचालीने वरची सुरावट पुसली जाते आणि खालचा खर्ज टिकतो. शोपाँच्या निशागीतात याचा फार उपयोग होतो.

चिन्ह तेच, नाद वेगळा

इथवर आल्यावर वाटेल, की रचनाकाराने चिन्हे लिहिलीच आहेत. ती पाळली म्हणजे झाले. पण खरी अडचण इथेच सुरू होते.

बीथोव्हनने १८०१ साली एक सोनाटा रचला. पुढे लोकांनी त्याला 'मूनलाइट' म्हणजे चांदण्याचा सोनाटा हे नाव दिले. त्याच्या पहिल्या भागाच्या आरंभी बीथोव्हनने सूचना लिहिली आहे, की हा सगळा भाग अत्यंत नाजूकपणे आणि डॅम्परशिवाय वाजवावा. म्हणजे डॅम्पर सतत वर ठेवून! त्या वेळी व्हिएन्नातल्या पुष्कळ पियानोंना हे काम पायाने नव्हे, तर गुडघ्याने पट्टी दाबून करावे लागे.

ही सूचना आजच्या मोठ्या पियानोवर शब्दशः पाळली तर स्वरगुच्छ एकमेकांत बुडतात. मग बीथोव्हन चुकला का? त्याने आपल्यासमोरच्या वाद्यासाठी लिहिले, आणि ते वाद्य वेगळे होते. त्याची चौकट लाकडी, तारा बारीक, ताण कमी, हातोड्या चामड्याने मढवलेल्या. त्याचा आवाज हलका होता आणि लवकर विरत असे. पुढे ओतीव लोखंडाची चौकट आली. १८५९ साली न्यूयॉर्कच्या स्टाइनवे यांनी मोठ्या पियानोत अशा चौकटीवर तारा एकमेकींवरून तिरप्या ओढण्याच्या रचनेचे एकस्व घेतले. आज सगळ्या तारांचा मिळून ताण सुमारे वीस टन वजनाइतका भरतो. तारा जाड झाल्या, त्यांत ऊर्जा जास्त साठू लागली आणि नाद फार वेळ टिकू लागला.

आता वादकाने काय करावे? कोणी म्हणतात, लिहिले आहे तसेच वाजवावे. तो धूसरपणाच बीथोव्हनला हवा होता. कोणी म्हणतात, प्रत्येक स्वरगुच्छाला पेडल बदलावे. बहुतेक वादक मधला मार्ग काढतात. अर्धे पेडल वापरतात किंवा पेडल बदलतात, पण अपुरे बदलतात, म्हणजे आधीचा थोडासा नाद मागे रेंगाळतो. मला हा मार्ग पटतो, आणि त्याचे कारण भौतिकशास्त्रातले आहे. बीथोव्हनने पायाची स्थिती लिहिली, पण त्याला हवा होता तो त्या स्थितीतून निघणारा नाद. वाद्य बदलल्यावर पायाची स्थिती तीच ठेवली, तर नाद बदलतो. नाद तसाच हवा असेल तर पायाला थोडे वेगळे वागावे लागेल.

शोपाँच्या चिन्हांनाही हेच लागू आहे. मात्र याचा अर्थ चिन्हे खुशाल मोडावीत असा नव्हे. आधी चिन्ह काय सांगते ते समजून घ्यायचे, मग कोणत्या वाद्यासाठी ते सांगितले ते पाहायचे, मग आपल्या वाद्यावर ऐकायचे. जिथे शोपाँने पेडल लांब ठेवले आहे तिथे त्याला खर्ज टिकवायचा आहे, हे ओळखून तो तरी टिकवलाच पाहिजे. आपल्याकडे भातखंडे यांच्या स्वरलिपीत बंदिश लिहिलेली असते, पण मींड किती रेंगाळावी हे गुरूजवळ बसूनच शिकावे लागते. तसेच हे.

सभागृहाचे पेडल

आणखी एक पेडल असे आहे, की जे वादकाच्या पायाखाली नसते. ते म्हणजे सभागृह.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे १८९५ मध्ये एक काम आले. तिथल्या एका नव्या व्याख्यानगृहात शब्द इतके घुमत, की व्याख्यान कळतच नसे. सॅबिनने रात्रीच्या शांततेत शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून मांडल्या, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजले, गाद्या वाढवल्या आणि पुन्हा मोजले. त्यातून त्याला हे सूत्र मिळाले:

निनादकाल (सेकंद) = ०.१६१ × खोलीचे घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण (चौरस मीटर)

आवाजाची तीव्रता दशलक्षांश होण्यास लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. शोषण मोजण्याचे एकक आहे एक चौरस मीटर उघडी खिडकी, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही.

एका शाळेचे सभागृह घेऊ. लांबी २० मीटर, रुंदी १० मीटर, उंची ५ मीटर. घनफळ १००० घनमीटर. भिंती, जमीन आणि छत मिळून ७०० चौरस मीटर. गिलावा आणि फरशी आवाजाचा सुमारे ०.०४ भाग शोषतात असे धरू. शोषण झाले २८. म्हणून निनादकाल = १६१ ÷ २८, म्हणजे पावणेसहा सेकंद! आता त्यात ३०० विद्यार्थी बसले. प्रत्येकाचे शोषण ०.४ धरले तर १२० ची भर पडली, एकूण १४८. निनादकाल = १६१ ÷ १४८, म्हणजे सुमारे १.१ सेकंद.

आता एखाद्या विद्यार्थिनीने दुपारी रिकाम्या सभागृहात तालीम केली, तर तिला वाटेल की आपण पेडल फारच जास्त वापरतो. ती ते कमी करील. संध्याकाळी तीनशे श्रोत्यांनी सभागृह भरले, की तेच वादन कोरडे आणि तुटक वाटेल. तिचा पाय तोच, वाद्य तेच, चिन्ह तेच. पण भिंतींचे 'पेडल' श्रोत्यांनी सोडवलेले असते. म्हणूनच मोठे वादक कार्यक्रमाआधी सभागृहात वाजवून पाहतात, आणि श्रोते आल्यावर पहिल्या काही स्वरांतच पायाचे गणित पुन्हा मांडतात. शिक्षकांनी स्नेहसंमेलनाच्या वेळी हे लक्षात ठेवावे. रिकाम्या सभागृहात ध्वनिक्षेपकाची केलेली मांडणी कार्यक्रमाच्या वेळी पुन्हा कानाने तपासावी लागते.

शेवटी

आपण वर्गात सूत्रे पाठ करतो. पण प्रत्येक सूत्राच्या मागे काही अटी असतात. लंबकाचे सूत्र लहान झोक्यांपुरते खरे, बॉइलचा नियम तापमान स्थिर असेल तोवर. परीक्षेत सूत्र आठवते आणि अट विसरते, हे मी वर्षानुवर्षे उत्तरपत्रिकांत पाहत आलो आहे. पियानोच्या कागदावरचे पेडलचे चिन्ह हेही एक सूत्रच आहे. 'या वाद्यावर, अशा खोलीत' ही त्याची न लिहिलेली अट. ती अट ज्याला कळली, त्याला पाय केव्हा उचलायचा हे कळले. तो ठरवणारा अखेरचा मापक मात्र कान, आणि तो प्रत्येकाला मिळालेला आहे. पुढच्या वेळी देवळात घंटा वाजवाल तेव्हा लगेच हात लावू नका. ती पूर्ण विरेपर्यंत ऐका. कोणता आवाज आधी गेला आणि कोणता शेवटपर्यंत राहिला, ते वहीत लिहून ठेवा.

स्वाध्याय

१. वर दिलेल्या सभागृहात फक्त १०० विद्यार्थी बसले तर निनादकाल किती होईल? (उत्तर : सुमारे २.४ सेकंद)

२. ९८ हर्ट्झ आणि ११० हर्ट्झ असे दोन स्वर एकदम वाजले तर दर सेकंदाला किती विस्पंद होतील? (उत्तर : १२)

३. पियानोची मध्य सप्तकातली पांढरी एक आवाज न करता हळूच दाबून धरली आणि मंद्रातली पांढरी एक जोरात वाजवून लगेच सोडली, तर काय ऐकू येईल? का?

४. पायपेटीचा पाय आणि पियानोचा पाय यांतला फरक ऊर्जेच्या भाषेत पाच ओळींत लिहा.